जादूगारणीचा चेहरा

औदेनार्दे या आमच्या विणकरांच्या गावात मला सगळे देवभोळी समजायचे. मागावर बाबांच्या शेजारी बसले की दिवसभर माझे ओठ हलत असत. पानंफुलं विणणारा क्रिस्पिन तर मला ‘सिस्टर लिव्हिन’ म्हणायचा आणि येताजाता छातीवर क्रूस करायचा, मेला. मालक योस्त आपल्या मुलींना माझं उदाहरण देत असे. बघा, हातात काम आणि मुखात देव.

आता अँटवर्पला येऊन मला चाळीस वर्षं झाली, तिथलं कुणी उरलं नाही, तेव्हा सांगून टाकते. मागावर बसून मी एकदाही देवाचं नाव घेतलं नाही. मी रंग सांगत होते. तीन धागे गुलाबी, एक पांढरा. दोन गुलाबी, एक मातकट. आता थांबा. आता काळा, एकच.

माझे बाबा गिलिस चेहरे विणत. आमच्या कारखान्यात एका मागावर पाच जण बसत, कुणी झाडं विणायचा, कुणी कपडे, कुणी घोडे. चेहरे आणि हात मात्र एकाच माणसाने विणायचे, आणि तो माणूस म्हणजे बाबा. राजाराणी, संत, देवदूत, सगळ्यांना तोंडं त्यांनी दिलेली. मोठमोठ्या सरदारांची माणसं भिंतीवर टांगायचा चित्रांचा पडदा मागवताना विचारायची, चेहरे गिलिसचेच ना? मग पुढची बोलणी.

आणि या माणसाला दिसत नव्हतं. आधी निळ्या-हिरव्यातला फरक गेला. मग सगळं धुकट झालं. शेवटच्या तीन वर्षांत समोर कुणी उभं आहे एवढंच त्यांना कळे, कोण ते आवाजावरून. हे फक्त मला ठाऊक होतं. मी कांड्यांवर रंगीत लोकर भरणारी, त्यामुळे त्यांच्या कुशीला बसणं कुणाला खटकलं नाही. चित्राचा कागद मागावर ताणलेल्या धाग्यांखाली, म्हणजे ताण्याखाली, पसरलेला असतो. त्यावर काय काढलंय ते मी ओठातल्या ओठात वाचायची, हवी ती कांडी त्यांच्या हातात द्यायची, आणि बाबा बोटांनी धागे मोजून विणायचे. कळलं की ‘हं’ म्हणायचे. नुसतं ‘हं’. त्या एका अक्षरावर आमच्या घरात चूल पेटत होती.

ज्यांनी आमचा माग पाहिला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं पटणार नाही. आम्ही पडदा उलट्या बाजूने विणतो. सुलटी बाजू खाली, कागदाकडे. वर आमच्यासमोर असतात नुसती धाग्यांची लोंबती टोकं. शिवाय चित्र आडवं असतं, माणसं पाठीवर झोपल्यासारखी. आणि झालेलं काम रुळावर गुंडाळलं जातं, समोर फार तर हातभर उघडं राहतं. पडदा मागावरून कापून टांगेपर्यंत आपण काय विणलं हे विणणाऱ्यालाही दिसत नाही. डोळे शाबूत असले तरी. म्हणून तर बाबांचं इतकी वर्षं निभावलं.

त्या वर्षी मागावर होती झऱ्याची जादूगारीण. गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हातारा जादूगार त्या पोरीवर भाळतो, तिला आपली सगळी विद्या शिकवतो, आणि ती त्याच्याच मंत्राने त्याला काटेरी झुडपात कायमचा कोंडते. एका सरदाराला ही गोष्ट जेवणाच्या दालनात हवी होती. का, देव जाणे. त्याची बायको कशी असेल यावर क्रिस्पिन रोज नवं काहीतरी सांगायचा.

मला ती गोष्ट आवडत नसे. सगळे म्हाताऱ्याची कीव करायचे. मी मात्र विचार करायची की विद्या शिकून झाल्यावर त्या पोरीला जायचं असेल कुठेतरी, आणि म्हातारा सोडत नसेल.

कारण मला जायचं होतं. पासखिर नावाचा पडाववाला होता, नदीवर मालाची होडी चालवायचा, आमच्या कारखान्याला लोकर आणून द्यायचा. मोठे कान, कमी बोलणं, आणि हसला की सगळा चेहरा कानांपर्यंत जाई. दोन वर्षं तो मला विचारत होता आणि दोन वर्षं मी त्याला म्हणत होते, हा पडदा उतरू दे. एक उतरला की दुसरा चढे. शेवटी त्या शरदात तो म्हणाला की आता त्याने अँटवर्पला धंदा बसवलाय, औदेनार्देची ही शेवटची खेप. जत्रेनंतरच्या गुरुवारी सकाळी तो निघणार. मी आले तर आनंद, नाही आले तर तो पुन्हा विचारणार नाही. हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मी भांडले तरी असते.

बाबांना सोबत घेऊन चल, असंही तो म्हणाला होता. मी बाबांसमोर आडून आडून विषय काढला, की अँटवर्पला म्हणे मोठमोठे कारखाने आहेत. बाबा सूप पीत होते. चमचा ठेवून म्हणाले, “पोरी, इथे मी गिलिस आहे. तिकडे मी नुसता आंधळा.” मी तो विषय पुन्हा काढला नाही.

जादूगारीण चित्राच्या अगदी उजव्या टोकाला उभी होती, म्हणजे विणण्यात सगळ्यात शेवटी. तिचा चेहरा आला तेव्हा मी कागद पाहिला आणि पाहतच राहिले. चित्रकाराने तिथे फक्त अंड्यासारखा आकार काढून डोळ्यांच्या दोन रेघा मारल्या होत्या. आळशी कुठला. गिलिस आहे ना, भरेल तो. मी बाबांना कुजबुजून सांगितलं की इथे काहीच नाही. ते म्हणाले, “हरकत नाही. हातांना ठाऊक आहे.” पाच दिवस त्यांनी कांड्या मागितल्या आणि मी दिल्या. इतका भराभर चेहरा त्यांनी कधी विणला नव्हता.

जत्रेच्या आदल्या दिवशी सगळे दुपारच्या जेवणाला गेले होते. पडदा जवळजवळ पुरा झाला होता. बाबा म्हणाले, आरसा घालून बघ तरी कशी झालीये. मालकाकडे एक चपटा आरसा होता, ताण्याखाली सरकवला की सुलटी बाजू तुकड्यातुकड्याने दिसे. मी जमिनीवर आडवी पडले आणि आरसा सरकवला.

मीच होते. नाक माझं, रुंद हनुवटी माझी, लालसर केस माझे. डाव्या भुवईत खाच आहे माझ्या, लहानपणी कात्री लागली होती त्याची. तीसुद्धा होती, बरोबर डावीकडे. इतकी स्पष्ट मी मला कुठल्या आरशात कधी दिसले नव्हते. आणि हात वर करून मी एका म्हाताऱ्याला काट्यात कोंडत होते.

मी आरसा झटकन बाहेर ओढला. असं का, तेही सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी जवळच्याच एका गावात एका सुईणीला चेटकीण म्हणून जाळलं होतं. सुरुवात कशाने झाली ठाऊक आहे? चर्चच्या दारावर एक दगडी चेटकीण कोरलेली होती, आणि कुणीतरी दारू पिऊन म्हणालं की हिचं नाक त्या सुईणीसारखं आहे. एवढंच. मग कुणाची गाय मेलेली आठवली, कुणाचं पोर. आणि आमच्याकडे तर मोहर लावण्याआधी प्रत्येक पडदा विणकरांच्या संघाच्या दालनात एक दिवस टांगायचा नियम. सगळं गाव बघायला लोटतं. दिवसभर एकटीच ओठ हलवणारी मुलगी, आणि भिंतीवर तिच्याच तोंडाची जादूगारीण. क्रिस्पिनला किती वेळ लागला असता?

मी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाले की असं होणंच शक्य नाही, मी मुद्दाम काही केलेलं नाही. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं हे मला कळत होतं. नजर गेल्यापासून रोज सकाळी ते माझ्या तोंडावरून हात फिरवत, उठलीस का म्हणून. तीन वर्षं त्यांच्या बोटांनी दुसरा चेहरा पाहिलाच नव्हता. पण मला राग आला. भयंकर आला. मी म्हणाले, “घरात मला धरून ठेवलंत ते पुरलं नाही का? इथेही विणून टाकलंत.”

असलं बोलून गेल्यावर जीभ चावून काय उपयोग.

मालकाला सांगायची सोय नव्हती. चेहरा का बदलायचा, असं त्याने विचारलं असतं, आणि उत्तर एकच होतं. जत्रेचे तीन दिवस मात्र काम बंद. सणाला माग चालवला तर संघ दंड करतो, म्हणून कारखान्याकडे कुणी फिरकत नाही. किल्ली बाबांकडे, कारण सगळ्यात जुने तेच. आम्ही मागच्या दाराने गेलो. बाहेर ढोल वाजत होते, भाजलेल्या सॉसेजचा वास आत येत होता, आणि मी माझं तोंड उसवत होते. धागे बाबांनी मागून घेतले. कशाला हवेत, मी विचारलं. राहू देत, म्हणाले आणि खिशात कोंबले.

पहिला दिवस त्यांनी प्रयत्न केला. उसवलेल्या जागी कांडी चालत नाही, म्हणून सुईने. ओठ विणले. मी आरसा घातला, माझे ओठ. ते उसवून पुन्हा विणले, पुन्हा माझेच, फक्त जरा रुसलेले. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली. “माझ्या हातांना दुसरं येतच नाही आता. तू कर.”

बाईने चेहरा विणायचा नाही हा नियम. कांड्या भराव्यात, लोकर धुवावी, फार तर घरधनी आजारी असला तर पानं विणावीत. चेहरा नाही. पण आठ वर्षं त्यांच्या शेजारी बसून कुठला धागा कुठे जातो हे मला झोपेत सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या जागेवर मी बसले आणि ते माझ्या. आता ओठ त्यांचे हलत होते. गाल उचलताना घाई करू नकोस. नाकाच्या कडेला एक धागा मातकट सोड. डोळ्याच्या कोपऱ्यात फट राहू दे, सावली आपोआप पडते. मी ‘हं’ म्हणत होते.

पण चेहरा कुणाचा द्यायचा? आधी मला वाटलं, कुठलाही. बेकरवालीचा देते. मग हात थांबला. ती बेकरवाली मला आवडत नव्हती, वजनात मारायची, पण म्हणून तिला भिंतीवर टांगायची? गावातली जी बाई मी घेईन ती अडकणार होती. आणि मनाने काही काढावं म्हटलं तर ओळखीचं कुणीतरी डोकावायचंच. मी शेजारी पाहिलं. बाबा खाली मान घालून बसले होते, पापण्या मिटल्यासारख्या, नाक लांब, टोकाशी जरासं वाकलेलं. मी तेच नाक घेतलं. त्याच पापण्या घेतल्या. दाढी सोडून दिली, गाल भरले, ओठ कोवळे केले. डोळे झुकलेले ठेवले, कारण उघडे डोळे विणायची माझी छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी झालं. बाबांनी ताण्याखाली हात घालून सुलट्या बाजूवरून बोटं फिरवली, कपाळापासून खाली. नाकावर थांबले.

“माझं नाक लावलंस का गं तिला?”

“तुम्हाला कोण जाळणार?”

ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मीही हसले, तीन दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी पुन्हा हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. म्हणाले, “चांगला झालाय. माझा इतका झाला नसता.”

मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. आतापर्यंत मी त्यांचे डोळे होते. आता हातही झाले. माझं तोंड मी त्या पडद्यातून सोडवलं खरं, पण त्या बाकावरून मला आता कोण सोडवणार? पासखिरचा पडाव धक्क्याला लागलेला होता, मी रोज येताजाता बघत होते. गुरुवारपर्यंत चार दिवस होते.

पडदा मंगळवारी कापला आणि संघाच्या दालनात टांगला. मी इतर कांडीवाल्यांबरोबर मागे उभी राहिले. लोक आले, जादूगाराला हसले, झुडपाचे काटे बोट लावून बघितले. चेहऱ्यापाशी येऊन मात्र गप्प होत. एक म्हातारी म्हणाली, बिचारीला स्वतःलाच वाईट वाटतंय बघा. कुणी ओळखलं नाही. क्रिस्पिन दोनदा जवळ गेला, डोकं खाजवलं, आणि म्हणाला की हिला कुठेतरी पाहिलंय. मी शेजारणीच्या मागे सरकले. मग म्हणाला, पण माझं नशीब एवढं कुठलं, आणि बिअर प्यायला गेला.

बुधवारी सकाळी मोहर. मालक योस्त हवेतच होता. सरदाराच्या माणसाने चेहरा पाहून आणखी तीन पडदे सांगितले होते, तीन वर्षांचं काम, अट एकच, हात हाच हवा. मालकाने बाबांच्या पाठीवर थाप मारून हे सगळ्यांसमोर सांगितलं. तीन वर्षं. मी बोटांवर मोजायला गेले आणि थांबले.

आमच्याकडे मोहरेआधी चेहरे विणणाऱ्याने शपथ घ्यायची असते. पडद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, हा माझा हात. संघाचे प्रमुख अर्नाउट मेण गरम करून तयार होते. कोरडा माणूस, पण खोटा नव्हे. त्यांनी बाबांना पुढे बोलावलं. बाबा पावलं मोजत गेले, पडद्याला हात लावला, आणि ते शब्द मी त्यांच्याआधी मनात म्हणून टाकले. माझ्यासाठी तो दरवाजा लागल्याचा आवाज होता. काय करणार, बापच होता.

बाबा म्हणाले, “हा माझा हात नाही.”

सगळे हसले. योस्त सगळ्यात मोठ्याने. तो म्हणाला की गिलिसला आता आर्जव करून घ्यायची हौस आलीये, मजुरी वाढवून हवी असेल. बाबा थांबले. हसणं ओसरल्यावर म्हणाले की मालक, एक कांडी उचला आणि माझ्यासमोर धरा, कुठलीही. योस्तने माझ्या टोपलीतून एक उचलली. अजून हसतच होता.

“लाल,” बाबा म्हणाले.

हिरवी होती. झाडाच्या पानासारखी हिरवी. योस्तने दुसरी धरली. बाबा म्हणाले निळी, ती पिवळी निघाली. तिसरी त्याने धरली नाही. मेण खदखदताना ऐकू येत होतं. मला धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. त्यांची सगळी अब्रू त्या दोन कांड्यांत गेली, आणि कुणासाठी गेली हे त्या दालनात मला एकटीला ठाऊक होतं.

अर्नाउटनी विचारलं, मग हा चेहरा कुणी विणला? माझं नाव घेतलं असतं तर पडदा बाद झाला असता आणि मी संघाच्या पंचांपुढे उभी राहिले असते.

“जत्रेचे तीन दिवस कारखाना बंद होता,” बाबा म्हणाले. “किल्ली माझ्याकडे होती. आत कोण आलं ते मला दिसलं नाही. मी आंधळा आहे.”

कुणीतरी फिसकन हसलं. अर्नाउटनी पडद्याकडे पाहिलं, बाबांच्या नाकाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि मग सरळ माझ्या हातांकडे. सुईने माझी बोटं फुटलेली होती. मी ती टोपलीत लपवली. योस्त अर्नाउटच्या कानाशी लागला, सरदाराची गाडी बाहेर उभी आहे म्हणून. काम निर्दोष आहे, असं अर्नाउट म्हणाले, आणि मोहर उमटवली.

मग बाबांचं काय, हा प्रश्न आला. मागावरून तर ते त्या क्षणीच उतरले होते. नदीकाठी संघाचं आश्रयघर आहे, डोळे किंवा हात गेलेल्या विणकरांसाठी. रोज पाव, हेरिंग मासा, आठवड्याला बिअर, आणि कोरडी खाट. पण ते फक्त ज्याला घरचं कुणी नाही त्यालाच. मुलगा किंवा मुलगी गावात असली तर तिनेच सांभाळायचं, त्यात दयामाया नाही. अर्नाउटनी नियमाप्रमाणे विचारलं, घरी कोण आहे?

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. मी धुणी धुईन, लोकर पिंजीन, आम्ही दोघं कसंही पोट भरू. पासखिरला निरोप पाठवायचा राहिला होता एवढंच. आधी मी नाइलाजाने राहिले होते, आता मायेने राहणार होते. आणि मायेतून तर सुटकाच नसते.

बाबांचा हात अजून पडद्यावर होता.

“कुणी नाही,” ते म्हणाले.

“गिलिस, शपथेवर आहेस. नीट विचार करून सांग.”

“मला कुणी नाही.”

मी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभी होते. अर्नाउट सावकाश म्हणाले, गुरुवारी दुपारची घंटा झाली की संघाचा माणूस घर बघायला येईल. तेव्हा तिथे खरंच कुणी नसलं पाहिजे. हे सांगताना ते बाबांकडे बघत नव्हते.

घरी आल्यावर मी खूप बोलले. ओरडले म्हणा. मला विचारायचं तरी होतं, मी म्हणाले. बाबा माझी शाल घडी करत होते. ती नाकाशी नेऊन म्हणाले, “दोन वर्षं हिला पडावाच्या डांबराचा वास येतोय. मी आंधळा आहे, नाक शाबूत आहे.” मग माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, भुवईच्या खाचेवर थांबून. “जा पोरी. नाहीतर माझी खाट जाईल.”

गुरुवारी सकाळी ते उजाडताच आश्रयघरात गेले. धक्क्यावर येता येणार नव्हतं. ज्याला कुणी नाही त्याने निरोप कुणाला द्यायचा? पासखिरने माझी पेटी घेतली, काही विचारलं नाही, दोर सोडला.

स्खेल्डे नदी आश्रयघराच्या भिंतीखालूनच जाते. भिंतीलगत बाक होता, उन्हात चारपाच म्हातारे बसले होते, आणि बाबा कडेला. शेजारी आश्रयघराचा कारभारी उभा होता, नव्या माणसावर नजर ठेवायला. बाबांची मूठ मांडीवर होती, मुठीत लालसर धागे. माझे केस. पडाव इतका जवळून चालला होता की मी हाक मारली असती तर कुजबुजूनही पोचली असती. पण ‘बाबा’ एवढा एक शब्द त्या कारभाऱ्याने ऐकला असता तर शपथ मोडली असती, खाट गेली असती, सगळंच गेलं असतं.

मी हात जोडले आणि जप सुरू केला. जरा मोठ्याने.

“तीन धागे राखाडी, एक पांढरा. पाणी राखाडी आहे. भिंत मातकट, वर दोन धागे हिरवे. शीड तपकिरी. माझी शाल निळी. आकाश… आकाशाला पांढरा, आणि कडेला एकच पिवळा.”

कारभाऱ्याने टोपी काढून मान लववली. भाविक मुलगी दिसते, असं शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला असावा. बाबांनी चेहरा आवाजाकडे वळवला. ओठ हलले तेव्हा पडाव पुढे सरकला होता, वल्ह्यांचा आवाज होता, मला ऐकू आलं नाही. पण ऐकायची गरज नव्हती. ते ‘हं’ म्हणाले होते.